दम कोणाला लागला

पूर्णिमाताईला कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी एक जिवंत माणूस पाहिजे होता, आणि आमच्या घरात रिकामी मीच आहे असं तिचं म्हणणं पडलं.

"मी अकरावीत आहे. रिकामी काहून असेन?"

"रोज संध्याकाळी दोन तास आरशासमोर वेणी घालते आणि सोडते. मी मोजले आहेत," ताई म्हणाली. "आणि तुला पळता येतं."

पळता येतं हे खरं होतं. पण मी पळायची ती मागून तिसरी. शाळेत हजेरीला माझा "यस मॅम" पहिल्या बाकापर्यंत पोचायचा नाही, तशीच ग्राउंडवरही मी कोणाला दिसायची नाही. आता माझं बोलणं ऐकून कोणाला पटणार नाही, पण ऑक्टोबरपर्यंत मी अशीच होते.

ताई बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय क्रीडा आणि व्यायामाचं मानसशास्त्र. हा विषय तिनं हौसेनं नव्हता घेतला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती स्वतः पंधराशे मीटर पळायची, आणि काय पळायची! मदन महलच्या आमच्या गल्लीतले लोक तिला अजून "वो दौड़ने वाली" म्हणतात. मग एका सकाळी सरावात पडली, डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. नागपूरला मामाकडे राहून ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की चालायला हरकत नाही, पण त्या गुडघ्याला परत सूज यायला लागली तर पुन्हा कापावं लागेल, आणि मग पाय कधीच सरळ होणार नाही. तेव्हापासून ताई उभी राहिली की सगळा भार उजव्या पायावर टाकून उभी राहते, कुठं तरी टेकल्यासारखी.

तर प्रॅक्टिकल. मी पंधराशे मीटर पळायचं, म्हणजे ट्रॅकच्या पावणेचार चकरा. ताई आखलेल्या रेषेजवळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसणार, मांडीवर मोबाइल रेकॉर्डिंगला लावून. प्रत्येक चकरेला मी तिच्यासमोरून जाताना ती विचारणार, "किती?" आणि मी एक आकडा ओरडायचा, सहा ते वीसमधला. सहा म्हणजे सोफ्यावर बसल्यासारखं, वीस म्हणजे मेले आता. पळणाऱ्याला किती थकल्यासारखं वाटतं, ते मोजायची ही पद्धत. त्या आकड्याला दहानं गुणलं की साधारण छातीचे ठोके निघतात, असं तिच्या पुस्तकात होतं. अशा सहा दौडी करून फाइल द्यायची होती.

पहिल्या दोन दौडी साध्या झाल्या. मी शेवटच्या चकरेला "सतरा" आणि "अठरा" ओरडले. वेळ पाच मिनिटं एकतीस सेकंद. दोन्ही वेळा मी गवतावर पडून आकाशाला शिव्या दिल्या.

तिसऱ्या दौडीपासून एक गोष्ट वाढवायची होती. खेळाडूनं सुरुवातीच्या आधी दर वेळी एकच ठरलेली क्रिया केली की मन स्थिर होतं, असं तिच्या सरांनी शिकवलं होतं. वर्गातल्या बाकी पोरींनी सोपं सोपं घेतलं. कोणी तीन खोल श्वास, कोणी बुटाची नाडी सोडून परत बांधणं.

"तुझी घरची काही सवय सांग," ताई म्हणाली. "पेपरला जाताना काय करते तू?"

"मी काही नाही करत. आई आलाबला घेते."

ताई हसत सुटली. आमची आई परीक्षेच्या दिवशी दारात उभी राहून दोन्ही हात आमच्या गालांवरून उतरवते आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडते. "माझ्या पोरीचं सगळं माझ्यावर येवो," म्हणते. जितकी जास्त बोटं वाजली तितकं चांगलं.

"चल, हेच घेऊ," ताई म्हणाली. "सर खूष होतील. एकदम देसी."

मी रेषेवर उभी राहिले. ताईनं थंड हात माझ्या गालांवरून उतरवले, कानशिलांवर नेले आणि बोटं मोडली. दहाच्या दहा वाजली. आम्ही दोघी हसलो. "तुझं सगळं माझ्यावर," ती आईच्या आवाजात म्हणाली आणि लंगडत स्टुलावर जाऊन बसली.

मी पळाले.

कसं सांगू? पाय पडत होते, पण ते ओढावे लागत नव्हते. पहिल्या चकरेला मी "सात" ओरडले, तर ताईला वाटलं मस्करी करते आहे. शेवटच्या चकरेला "नऊ". थांबल्यावर मी तशीच उभी राहिले, गवतावर पडावंसं वाटलंच नाही. वेळ पाच एकोणीस. बारा सेकंद खाल्ले होते मी!

"ताई, बघ!" मी धावत तिच्याकडे गेले.

ताईच्या वरच्या ओठावर घाम साचला होता. केस कपाळाला चिकटलेले. तिनं माझं मनगट धरून ठोके मोजले. एकशे अठ्ठ्याऐंशी.

"आकडा नऊ, आणि ठोके एकशे अठ्ठ्याऐंशी," ती म्हणाली. शब्द तुटत होते. "असं नसतं होत, मोनाली."

"तुला काय झालं?"

"ऊन आहे ना."

नोव्हेंबरची सकाळ होती. मी स्वेटर घालून आले होते.

चौथी दौड, पाच तेरा. पाचवी, पाच आठ. आकडा कधी दहाच्या वर गेला नाही. आणि माझं काय झालं म्हणाल, तर मी मोठी झाले एकदम. वर्गात हात वर करून बोलायला लागले. वादविवाद स्पर्धेत नाव दिलं. कँटीनच्या रांगेत घुसणाऱ्या बारावीच्या पोराला "भैया, लाइन पीछे है" म्हटलं आणि तो गेला मागे, खरंच. शाळेचे पीटीचे अनुपम सर एक दिवस ग्राउंडच्या कडेला उभे राहून माझी वेळ लावत होते. "बेटा, तुम अब तक कहाँ छुपी थी?" त्यांनी संभागाच्या, म्हणजे आमच्या विभागाच्या, निवड चाचणीत माझं नाव टाकलं. रविवारी अकरा वाजता. पहिल्या दोघींना राज्यस्पर्धेच्या संघात घेणार होते.

दोघींपैकी एक आमच्या शाळेची शैलजा, ते ठरलेलं होतं, ती चार पन्नासला पळते. दुसरी मी. घरी बाबांनी रिछाईच्या कारखान्यात पेढेसुद्धा वाटून टाकले. "बापा, अजून निवड झाली नाही!" मी ओरडले, तर म्हणाले, "होऊन राहिली ना?"

बुधवारी ताई आंघोळीला गेली होती. तिला फाइलमध्ये आकडे उतरवायचे होते, म्हणून तिच्या मदतीला मी पाचव्या दौडीचं रेकॉर्डिंग लावलं.

आधी नुसता वारा. मग माझी पावलं आली, थप थप थप, जवळ. ताईचा आवाज, "किती?" माझा आवाज, खणखणीत, "आठ!" मग पावलं दूर गेली. हळूहळू इतकी दूर की ऐकू येईनात.

पण धापा टाकणं तिथंच राहिलं.

मोबाइल ताईच्या मांडीवर होता. पावलं ट्रॅकच्या पलीकडल्या बाजूला, आणि श्वास अगदी मोबाइलला चिकटून, दोन आत, दोन बाहेर. माझी पावलं परत जवळ आली तेव्हा मला कळलं की त्या श्वासांची आणि माझ्या पावलांची लय एकच आहे. मी वळणावर जोर लावला तर श्वास वाढला. "नऊ!" मी रेकॉर्डिंगमध्ये हसत ओरडले. आणि स्टुलावर बसलेलं कोणीतरी श्वासाच्या मधे अगदी हळू कण्हलं.

मी मोबाइल बंद केला. न्हाणीघराचं दार वाजलं. ताई बाहेर आली, गाऊन गुडघ्याच्या वर धरून. डावा गुडघा उजव्याच्या दीडपट झाला होता.

"हे काय आहे?"

"काही नाही. बर्फ दे."

आईनं बर्फ दिला आणि बडबडली, "बसून बसून कोणाचा पाय सुजतो का वो? कुठं कुदून राहिली तू?"

"नाही कुदत, आई. स्टुलावर असते मी."

रात्रीचं जेवण झाल्यावर मी तिला रेकॉर्डिंगबद्दल विचारलंच. ताईनं पुस्तकातलं सांगायला सुरुवात केली. खेळाडूचं लक्ष शरीरातून बाहेर गेलं की थकवा कमी जाणवतो. बघणाऱ्याचे स्नायूसुद्धा नकळत ताणले जातात. सगळं लिहिलेलं आहे, संदर्भासकट.

"आणि बघणाऱ्याचा गुडघा सुजतो, तेही लिहिलेलं आहे?"

तिनं बर्फाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"रविवारपर्यंतची गोष्ट आहे," शेवटी म्हणाली. "तुला संघात यायचं आहे की नाही?"

आता मी खरं लिहिते. मला यायचं होतं. मला माहीत झालं होतं की मी पळते आणि दमते ती, डॉक्टर काय म्हणाले होते तेही पाठ होतं, आणि तरी शुक्रवारी सहाव्या दौडीला मी रेषेवर जाऊन गाल पुढे केले. ताईनं बोटं मोडली. मी पाच सहा पळाले. शेवटच्या वळणावर मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही. परतताना तिला स्कूटीवर बसवायला अनुपम सरांना हात द्यावा लागला. "क्या हुआ बेटा, पैर सो गया?" ते म्हणाले. ताई हसली. मला झोप लागली नाही असं मी म्हणणार नाही. लागली, आणि चांगली लागली. मला दम कुठं लागला होता?

शनिवारी मात्र मी तिला जिना चढताना बघितलं. एक पायरी, थांबणं. एक पायरी, थांबणं. कठड्याला धरलेल्या बोटांची पेरं पांढरी पडलेली. तिला वाटलं कोणी नाही तिथं, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते दुखणं नव्हतं फक्त. ती खूष होती. ते बघून मला जास्त भीती वाटली.

रविवारी ग्राउंडवर तंबू, कर्णा, चुन्याच्या ताज्या रेषा. ताई ट्रॅकच्या कठड्याला धरून उभी. चाचणीला बाहेरच्यांना ट्रॅकवर सोडत नव्हते, म्हणून मी कठड्याशी गेले. तिनं हात उचलले.

मी तिच्याआधी हात पुढे केले. तिच्या गालांवरून उतरवले, माझ्या कानशिलांवर नेले आणि बोटं मोडली.

"ए!" ताई म्हणाली. "काय करते?"

लहान मोठीची आलाबला घेत नाही. असं कोणी करतच नाही. शेजारच्या पोरी खिदळल्या. शैलजा म्हणाली, "दीदी को नज़र लगी है क्या?"

"तुझं सगळं माझ्यावर," मी म्हणाले आणि पळाले रेषेकडे. मागून ताई दोनदा ओरडली, "मोनाली! असं नाही म्हणायचं! सगळं नाही म्हणायचं!"

मला फक्त माझा दम परत पाहिजे होता. तेवढाच हिशेब डोक्यात होता की माझं मी ओढीन, झाले तर पाच अकरा होतील, दुसरी येणारी तेवढ्यातच येते. सरावानं पाय तर तयार झालेच होते.

पहिली चक्कर झाली आणि छातीत आग सुरू झाली. ठीक. ही माझी. दुसऱ्या चकरेत पोटऱ्या दगड झाल्या. तीही माझी, मी दात खाल्ले. मी दुसरी होते, शैलजा पुढे, मागे कोणीतरी निळी बनियन, वीस पावलांवर. तिसऱ्या चकरेच्या वळणावर माझ्या डाव्या गुडघ्यात काहीतरी सरकलं. माझा गुडघा कधीच दुखला नव्हता. आतून एक जुनं, गंजलेलं दुखणं वर आलं, त्याच्याबरोबर नागपूरच्या दवाखान्याचा वास आला, जिथं मी गेलेच नव्हते. डावा पाय टेकला की जमीन थोडी खाली जायची.

मी मान वर केली. कठड्याच्या पलीकडून कोणीतरी माझ्या बरोबरीनं पळत होतं. ओढणी मागे उडत होती. लोक बाजूला होत होते. ताई.

तिला कळलंच नव्हतं की ती पळते आहे. ती माझ्याकडे बघून ओरडत होती, "हात! हात हलव!" आणि तिचे गुडघे वर येत होते, दोन्ही, सारखे. तिचं तोंड बंद होतं. श्वास नाकातून, फिरायला निघाल्यासारखा.

निळी बनियन मला शेवटच्या साठ मीटरवर टाकून गेली. मी तिसरी आले. पाच चौदा. दोघींनाच घेणार होते.

मी गवतावर पडले ती उठलेच नाही. अनुपम सरांनी पाणी ओतलं, गुडघा बघितला, तोंडातल्या तोंडात काही बोलले. मग गर्दीतून ताई आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. दोन्ही पायांवर.

"तिसरी," मी म्हणाले.

"तुला कोणी सांगितलं होतं?" ती चिडली होती. "कोणी मागितलं होतं परत? तुला काय वाटलं, मला त्रास होत होता? दोन वर्षं मी जिने चढले, फिजिओचे रबर ओढले, एकदासुद्धा छाती भरून दम लागला नाही मला. तुझ्यामुळे लागत होता. तो माझा होता, मोनाली."

मग तिची नजर खाली माझ्या गुडघ्यावर गेली. तो फुगत होता, बघता बघता. तिनं स्वतःच्या पायाकडे बघितलं. सलवारीवरून गुडघा चाचपला. चेहरा उतरला तिचा.

"इकडे ये," ती खाली बसली. अशी मांडी घालून ती दोन वर्षांत बसली नव्हती. दोन्ही हात माझ्या गालांकडे आले. "दे ते. सगळं दे."

मी तिची मनगटं पकडली. आत ठोके पडत होते, हळू, झोपलेल्या माणसाचे पडतात तसे. एवढं पळून आली होती ती.

"थांब. आधी एक चक्कर मारून ये."

"पागल आहे का तू?"

"एकच. ट्रॅकवर. मग घे परत. मी इथंच आहे ना."

ताईनं ट्रॅककडे बघितलं. पोरींच्या दौडी संपल्या होत्या, कर्ण्यावर निवडलेल्यांची नावं चालली होती, लोक जेवणाच्या पाकिटांकडे निघाले होते. रिकामा लाल ट्रॅक उन्हात पडला होता. तिनं चपला काढल्या आणि माझ्याजवळ नीट जोडून ठेवल्या. ओढणी कमरेला बांधली.

ती निघाली तेव्हा पाकिटं घेतलेले लोकही थांबले. मी तिला पडण्याआधी पळताना बघितलं होतं, पण तेव्हा ती अशी पळायची नाही. तेव्हा तिला मेहनत पडायची. आता पावलांचा आवाजही येत नव्हता. पहिल्या वळणावर माझी छाती धडधडायला लागली, गवतावर बसल्या बसल्या. दुसऱ्या वळणावर मला तोंड उघडून श्वास घ्यावा लागला.

ती चक्कर पूर्ण करून आली. मी दोन्ही हात पुढे केले, गाल वर केला. ताईनं माझ्याकडे बघितलं. बघितलंच, शपथ. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसल्यावर हसतो आपण, तशी हसली आणि पुढे निघून गेली.

दुसरी चक्कर. तिसरी. वेग कमी होण्याऐवजी वाढत होता.

"ये कौन है?" अनुपम सरांनी घड्याळ बाहेर काढलं होतं. "कौन से कॉलेज की है?"

"माझी... बहीण..."

"और तुम बैठे-बैठे इतना क्यों हाँफ रही हो?"

ती परत समोरून आली, ऊन तोंडावर घेत, डोळे अर्धे मिटलेले. या वेळी तिनं बघितलंही नाही. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारण्याएवढी हवा माझ्याकडे उरली नव्हती.